हप्त्याची तालीम
पिठल्याच्या फोडणीचा वास आला की मला विश्रांतवाडीतलं आमचं भाड्याचं घर आठवतं. फ्लॅट मनात भरला होता, बँक कर्ज द्यायला तयार होती, पण हप्ता झेपेल का, याची आम्हा दोघांना धास्ती. शेवटी बायकोने तालीमच काढली. भाडं आणि होणारा हप्ता यांतला फरक पगाराच्या दिवशीच बाजूला टाकायचा आणि उरलेल्यात महिना काढायचा. हॉटेल बंद झालं, पिठलं-भात सुरू झाला. वास खाली घरमालकांकडे जायचा आणि काकूंना काळजी वाटून वर कधी उसळ, कधी भरली वांगी यायची. महिना मजेत निघाला. मी ऐटीत घरमालक काकांना म्हणालो, "झेपतंय हो काका!" ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "न झेपायला काय झालं? आमची भाजी हिशेबाच्या कोणत्या रकान्यात धरलीत?" आणि लगेच फर्मान काढलं, "पुढचा महिना वर काही येणार नाही. तालीम खरी होऊ द्या." आणि खरंच काही आलं नाही. पिठलं पातळ झालं, पण बाजूच्या पैशांना आम्ही हात लावला नाही. महिनाअखेरीस काका स्वतः जिना चढून आले, हातात पुरणपोळ्यांचा डबा. म्हणाले, "घ्या आता घर. आमचाच तोटा आहे म्हणा." आता हप्ता आमच्या स्वतःच्या घराचा जातो. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून तो अजून दोन्ही घरांत भरून फिरतोय, आणि त्याला कोणत्या रकान्यात धरायचं, ते बायकोलाही सुटलेलं नाही.