पंख्याखालची खुर्ची

सांगतो, पण हसायचं ते चहा संपल्यावर. मी रोजनिशी न चुकता लिहितो, तीही सविस्तर. त्या दिवसाच्या पानावर मात्र एकच शब्द आहे: ‘उकाडा’. बाकीचं लिहायची हिंमत झाली नाही.

आमचे सासरे बिबवेवाडीत, आमच्याच सोसायटीत, खालच्या मजल्यावर. त्यांच्या हॉलमध्ये पंख्याखाली एकच खुर्ची, आणि ती इतकी वर्षं थोरल्या जावयाची, म्हणजे माझी. त्या मे महिन्यात माझा साडू विनायक अमेरिकेहून सुट्टीवर आला. कंप्युटरवाला. आल्याआल्या खुर्ची त्याला. आंब्याची पहिली फोड त्याला. वर तिकडचं नागरिकत्व घेणार म्हणून परीक्षेचा अभ्यास चालू, आणि सासरे स्वतः त्याला प्रश्न विचारणार. मला जन्मात कुणी ‘पेपर कसा गेला’ एवढंही विचारलं नव्हतं.

मी काय करावं? दुपारी तो झोपला की त्याचं पुस्तक पाठ केलं.

रविवारी सासऱ्यांनी विचारलं, "झेंड्यावर पट्टे तेरा का?"

विनायकला आठवेपर्यंत मी म्हणालो, "मूळच्या तेरा वसाहती."

"सिनेटर किती?"

"शंभर."

सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "जावईबापू, आपलं विमान कितीला आहे?"

असू दे. विनायक खुर्चीत चुळबुळला, मला तेवढं पुरे होतं. तेवढ्यात बेल वाजली. दारात पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ, मागे फाइल घेतलेल्या एक बाई. गृहस्थांना मी लगेच ओळखलं. चौकातल्या फलकावर रोज हात जोडून उभे असतात. आमचे नगरसेवक. म्हटलं, आता विनायकला दाखवतोच नागरिक कसा असतो ते.

"विनायक, ऊठ. साहेबांना बसू दे."

तो उठला. काय गार वाटलं म्हणून सांगू तुम्हाला. मग बाईंना म्हणालो, "वहिनी, आपण आत बसा बायकांत. इथे जरा नागरिकत्वाचा विषय चाललाय."

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि आत गेल्या.

मी साहेबांना तुंबलेलं ड्रेनेज सांगितलं, पाण्याचं प्रेशर सांगितलं, रस्त्यावरचा बंद दिवा सांगितला. ते दर वेळी म्हणत, "हे मॅडमना सांगा."

"छे, घरच्या माणसांना कशाला त्रास?"

सासरे गप्प. सासरे गप्प असतात तेव्हा त्यांना मजा येत असते, हे मला कळायला हवं होतं.

"विनायक, हे आमचे नगरसेवक," मी ऐटीत ओळख करून दिली.

"मी नाही हो," गृहस्थ म्हणाले. "वॉर्ड महिलांसाठी राखीव आहे. निवडून मॅडम आल्यात. मी मिस्टर."

मॅडम स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, हातात चहाचा कप. "काका, मतदान केलं होतंत ना?"

"केलं ना."

"कुणाला?"

"तुम्हालाच," मी म्हणालो. खोटं नव्हतं. चिन्ह पाहिलं होतं, नाव कोण वाचतं?

"विनायक," सासरे म्हणाले, "ते पुस्तक ह्यांनाच देऊन जा. ह्यांची सोय तिकडेच होईल."

मिस्टर लगबगीने उठले. मॅडम पंख्याखाली बसल्या, फाइल उघडली आणि विनायकशी बोलू लागल्या. हॉलमध्ये मला जागाच उरली नाही. मी आत बायकांत जाऊन बसलो.

आत पंखा नाही.