शाळेत न जाणारी पाच पोरं आणि आबांचा डोंगर

शिरवळला निघालो त्या सकाळी टेम्पोत सगळ्यात शेवटी माझा ड्रॉइंग बोर्ड चढला. संदीपनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तो गादी आणि कपाटाच्या फटीत सरकवला आणि दोरी आवळली. आईनं हातावर दही घातलं, पोचल्यावर फोन कर म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. आबा, माझे वडील, गोठ्यात होते. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज त्यांनी ऐकला असणारच, पण ते म्हशीपुढं वैरण टाकत राहिले. मला त्यांची फक्त पाठ दिसली.

आमचं गाव कडेगाव तालुक्यात, सागरेश्वरच्या डोंगरापासून जवळच. आबा सैन्यातून हवालदार म्हणून रिटायर झाले आणि ऊस बघायला लागले. मी चित्रकला शिक्षकाचा कोर्स केला तो त्यांच्या मनाविरुद्धच. "कागदावरचा घोडा पळत न्हाई," असं ते म्हणायचे. पण त्या कोर्समुळं मला गावाजवळच्या हायस्कूलला नोकरी लागली तेव्हा तेच पेढे घेऊन सगळ्या भावकीत फिरले. लग्नानंतरही या नोकरीमुळं आम्ही दोघं माहेरीच राहत होतो. सात वर्षांनी संदीपला शिरवळच्या एका कंपनीत फिटरचं काम मिळालं आणि मी नोकरी सोडून त्याच्याबरोबर जायचं ठरवलं. आबांना ते पटेना. जावई दर रविवारी येतील, असं त्यांचं म्हणणं. "आमी काय संसार केला न्हाई व्हय? वर्साला दोन म्हैने घरी यायचो." आई तेव्हा भाकरी थापत होती. ते ऐकून तिनं हातातली भाकरी एवढ्या जोरात थापली की ती फाटली, आणि तिथंच माझा जायचा विचार पक्का झाला.

खंबाटकीच्या बोगद्यात टेम्पो शिरला तेव्हा मी रडत होते. पलीकडं उजेडात आल्यावर डोळे पुसले आणि का कोण जाणे, एकदम भूकच लागली. संदीप हसायला लागला.

शिरवळला दोन खोल्यांचं घर, दुसरा मजला. गॅलरीतून कंपन्यांच्या शेड आणि हायवे दिसायचा. गावात मला सगळे 'सारिकाबाई' म्हणायचे, इथं मी 'चोवीस नंबरवाल्या वहिनी' झाले. दोन-तीन महिने तसेच गेले. मग एकदा स्टेशनरीच्या दुकानात मी गडद शिशाची पेन्सिल मागितली. दुकानदाराकडं नव्हती. मागं उभी असलेली एक बाई म्हणाली, माझ्याकडं घरी आहेत, येता का? ती मेघना. पुणं सोडून नीरेच्या काठाला शेत घेऊन राहिलेली. तिची इरा आणि निनाद शाळेत जात नव्हते, घरीच शिकत होते. आजूबाजूच्या अशाच आणखी दोन घरांतली तीन पोरं त्यांच्यात होती. होमस्कूलिंग हा शब्द मी तोवर फक्त मोबाइलवर वाचला होता. मला वाटायचं, हे मोठ्या लोकांचं खूळ. पण शिकवायला मिळणार म्हटल्यावर मी दुसऱ्याच दिवशी हजर झाले.

पहिला तास आठवला की अजून हसू येतं. मी शिस्तीत टेबलावर कापड पसरलं, तांब्या, वांगं आणि पेरू मांडला. स्थिरचित्र. सात वर्षं साठ-साठ पोरांच्या वर्गाला मी हेच शिकवलं होतं, तेही गणिताच्या सरांनी तास मागून घेतला नाही तर. सात वर्षांच्या निनादनं पाच मिनिटांत पेरू खाल्ला. दहा वर्षांच्या इरानं हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि अगदी शांतपणे विचारलं, "ताई, हे वांगं आपण का काढायचं?"

उद्धटपणा नव्हता त्यात. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. परीक्षेला येतं म्हणून, असं सांगावं तर या पोरांना परीक्षाच नव्हती. मी म्हणाले, मला माहीत नाही, उद्या सांगते. घरी येऊन संदीपला सांगितलं तर तो म्हणाला, अगं मग त्यांनाच विचार ना काय काढायचंय.

त्यांना नदीवर जायचं होतं. आम्ही गेलो. काठाला एके ठिकाणी दरड कापल्यासारखी दिसत होती आणि तिच्यात मातीचे पट्टे होते, तांबूस, पिवळसर, राखाडी. इरानं ओलं बोट त्या मातीत घासलं आणि कागदावर ओढलं. रंग उमटला. त्या क्षणी पाचही पोरं जी ओरडली! पुढचे दोन महिने आम्ही दुसरं काही केलं नाही. माती चाळायची, पाट्यावर वाटायची, बाभळीचा डिंक भिजवून त्यात कालवायची. डिंक कमी पडला की रंग वाळून झडायचा, जास्त झाला की चिरायचा. माझ्या कोर्समध्ये रंग ट्यूबमधून यायचा. तो कुठून येतो, हे मी त्या पोरांबरोबर पहिल्यांदा शिकले. सकाळी उठल्या उठल्या मला तिथं पोचायची घाई असायची. शाळेत असताना अशी घाई मला कधीच झाली नव्हती, हे तुम्हाला आज कबूल करते.

आणि नेमका तेव्हाच जुन्या शाळेतून निरोप आला. पर्मनंट जागा मंजूर झाली होती, जूनमध्ये परत रुजू झाले तर ती मला मिळणार होती. आबांनी स्वतः फोन केला. आवाजात आनंद होता. मी चार दिवस मागून घेतले, आणि नाही म्हणाले. "शाळा सोडल्याली पोरं शिकवायला तू शाळा सोडलीस," एवढं बोलून त्यांनी फोन आईकडं दिला. त्यानंतर सहा-सात महिने माझा फोन आला की ते आईच्या हातात मोबाइल द्यायचे. दिवाळीतही दोन शब्दांच्या पुढं बोलणं गेलं नाही. ज्यांनी घर सोडलंय त्यांना माहीत असेल, भांडण परवडतं, पण असा हातोहात पुढं दिलेला फोन सोसत नाही.

इरा सापडेल त्या मातीचा रंग एका मोठ्या कागदावर लावून ठेवायची. जानेवारीत तिचा तो मातीचा तक्ता जवळजवळ पुरा झाला. फक्त काळी नव्हती. मी बोलता बोलता म्हणून गेले की आमच्या गावची माती कोळशासारखी काळी आहे. झालं. त्याच शनिवारी मेघनाची आणि तिच्या मैत्रिणीची अशा दोन गाड्या काढून आम्ही गावाला निघालो. आईला कळवलं होतं. आबांना सांगायचं धाडस मला झालं नव्हतं.

आबा अंगणात बाजेवर बसले होते. पोरांनी पाया पडून घेतलं. त्यांनी निनादला विचारलं, कितवीत हाईस? तो सरळ म्हणाला, "आम्ही शाळेत जात नाही, आजोबा." आबांनी माझ्याकडं बघितलं आणि तंबाखूची डबी काढली. मी पोरांना घेऊन रानात सटकले.

ऊस नुकताच तुटून गेला होता, त्यामुळं एरवी न दिसणारा डोंगर अंगणापासून सरळ उघडा पडला होता. माती गोळा झाली, आईच्या हातचं जेवण झालं, आणि इरा डोंगर काढायला बसली. तीन कागद फाडले. डोंगर कागदात मावत नाही, म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मी उठणार, तेवढ्यात बाजेवरून आबा उठले. तिच्या मागं जाऊन उभे राहिले.

"हात ताठ कर. अंगठा वर. एक डोळा झाक," ते म्हणाले. "आता सांग, त्या खिंडीपासनं झाडापातूर किती अंगठं हायत?"

इरानं मोजले. साडेचार.

"मग कागदावर तेवढीच घरं पाड. आन् एक ध्यानात ठेव. दिसतंय तेच काडायचं. ठावं हाय ते काडायचं न्हाई."

हेच मी वर्षभर त्या पोरांना सांगायला धडपडत होते आणि मला ते एवढ्या थोडक्यात कधी सांगता आलं नव्हतं. आबांनी तिच्या हातातून पेन्सिल घेतली. उसाच्या पाचटानं चिरलेली ती जाड बोटं, पण रेघ एकदाही अडली नाही. खिंड, तिच्याखालचा कडा, एकटं झाड, मागची फिकट धार. पाच-सात मिनिटांत सगळा डोंगर कागदावर. पोरं त्यांच्याभोवती गोळा झाली होती. आई चुलीपुढून उठून दारात आली होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिनंही हे बघितलं नव्हतं.

पोरांनी विचारलं तसं आबा सांगत गेले. सीमेवरच्या एका चौकीत त्यांचं काम होतं समोरचा डोंगर रोज सकाळी कागदावर उतरवायचा. कालच्या कागदाशी ताडून बघायचा. एखादा दगड नवा दिसला तरी सगळ्यांना सावध व्हावं लागायचं. असे दोन हिवाळे त्यांनी काढले होते. निनादनं विचारलं, मग ती चित्रं कुठं आहेत? ती तिथंच जमा करावी लागत, एकही घरी आणायची परवानगी नव्हती.

"आबा, तुम्ही मला कधी सांगितलं नाही," मी म्हणाले.

ते कागदावरची धूळ फुंकून टाकत म्हणाले, "ती काय चित्रं हुती व्हय? ती ड्यूटी हुती." मग कागद इराच्या हातात देत हळूच म्हणाले, "पर हात लय खुश असायचा."

माझं चुकलं, असं ते म्हणाले नाहीत. मीही ती वाट बघितली नाही. गाड्या निघताना ते रस्त्यापर्यंत आले आणि खिडकीशी वाकून मला म्हणाले, "या पोरांस्नी परत कवा आणतीस?"

परत आणायची वेळच आली नाही, कारण पंधरा दिवसांनी तेच शिरवळला आले. लेकीच्या घरी राहायचं नाही, हा त्यांचा जुना नेम. दोन दिवसांसाठी म्हणून आले आणि आठवडा झाला तरी हललेले नाहीत. रोज सकाळी माझ्याबरोबर नीरेच्या काठाला येतात. पाच पोरं रांगेत अंगठे वर धरून उभी असतात आणि मी सहावी. मेघना विचारते, तिच्या माहितीतली आणखी चार घरं यायचं म्हणतायत, घ्यायची का? मी आबांकडं बघते. ते म्हणतात, घे की, काठ काय लहान हाय व्हय?

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, घर कुठं, असं मला परवा खाली रस्त्यावर एका नव्या शेजारणीनं सहज विचारलं. एरवी मी पटकन कडेगावकडं म्हणून सांगते. या वेळी तोंडाशी आलेला शब्द मी थांबवला आणि मागं वळून वर बघितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत, हायवेकडं पाठ करून, आबा उद्याच्या वर्गासाठी चाकूनं पेन्सिलींना टोक काढत बसले होते.

"इथंच," मी म्हणाले.