गोठ्यातलं लाल इंजिन

आमच्या डिंगोऱ्याच्या गोठ्यात, म्हशीच्या दावणीला लागून एक लाल इंजिन पडलेलं आहे. ते आमच्याच जुन्या जीपचं, असं परवापरवापर्यंत सगळं घर धरून चाललं होतं.

जीप घेतली त्या काळात पेट्रोल परवडत नव्हतं. आमच्या भागातल्या जीपा नारायणगावच्या गॅरेजात जायच्या आणि पेट्रोलचं इंजिन उतरवून डिझेलच्या होऊन यायच्या. आमच्या मालकांनीही तेच केलं, आणि नारायणगावपर्यंत शिटा वाहून संसार ओढला. उतरवलेलं इंजिन मात्र त्यांनी भंगारात घातलं नाही. "यानं आपल्याला उभं केलंय," म्हणायचे. गंजू नये म्हणून दर दसऱ्याला त्याला लाल रंगाचा हात मारायचे, मी वर हळदकुंकू वाहायची. रंगावर रंग चढून त्याची साल म्हशीच्या कातड्याएवढी जाड झाली.

आता मालक नाहीत. धाकटी लेक माघारी आलीय. तिला रस्त्याकडेच्या खोलीत शिलाईचं दुकान टाकून द्यायचंय आणि खोलीवर धड छप्पर नाही. म्हणून म्हटलं, जीप विकावी. तर थोरले जावई पुण्याचा एक पाहुणा घेऊन आले. जुन्या गाड्या घेतो म्हणे.

त्यानं बॉनेट उघडलं आणि तोंड पाडलं. "अरेरे, डिझेल टाकलंय! जुन्या गाडीला तिचं स्वतःचं इंजिन पाहिजे, आजी. नाहीतर राहिलं काय, नुसता पत्रा." भावही पत्र्याचाच सांगितला. गाडीतलं मला काय कळतंय?

मग हात धुवायला तो गोठ्याकडं गेला. लाल इंजिन बघून जरा थांबला. हात पुसत पुसत, जसं काही सहज, म्हणाला, "आजी, हे भंगार पण द्या टाकून गाडीत. तुमची अडगळ जाईल."

तिथं माझ्या मनात पाल चुकचुकली. गडी पांढऱ्या कपड्यांत आलेला, आणि माझ्या गोठ्याची काळजी याला कशाला?

जावयांकडं बघितलं तर ते मोबाईलमध्ये डोकं घालून. आता जावयाला तोंडावर काय विचारणार! चहात साखर जरा जास्त टाकली आणि गोडीत म्हटलं, "काय जावईबापू, पावण्यांची न तुमची लई जुनी वळख दिसती?"

"नाय हो मामी, मित्राचा मित्र हाय," म्हणाले. वर मात्र बघेनात.

पाहुण्याला म्हटलं, "भंगार राहू द्या. मला दसऱ्याला लागतं."

"थोडं वाढवून देतो की."

"भंगाराला वाढवून कोण देतं, भाऊ? काय असंल ते सरळ बोला."

तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. इंजिन याच जीपचं असेल, कागदावरचा नंबर आणि त्याच्यावर कोरलेला नंबर जुळला, तर ते परत बसवून जीपचं मोल कुठल्या कुठं जातं.

"आन मघाशी पत्रा म्हणत व्हता तो?" मी विचारलं. पाहुणा हसला. जावई हसले नाहीत.

रॉकेल आणलं, तारेचा ब्रश आणला. मालकांचे सगळे दसरे माझ्यादेखत खरवडून निघाले. नंबर दिसला. जुळला नाही.

"दुसऱ्याच जीपचं आहे," पाहुणा उकिडवा बसून म्हणाला. "आता मात्र खरंच भंगार." त्याचं मला पटलेलं पहिलं वाक्य हे. पत्र्याच्या भावात जीप काही मी दिली नाही.

तो गेल्यावर डोक्यात लख्ख झालं. इंजिन आणायला टेम्पोतून मीही गेले होते. गॅरेजपुढं दोन जीपा खोललेल्या, आमची आणि एक महाळुंगे पडवळची. दोन्ही इंजिनं तेलाच्या चिखलात शेजारीशेजारी. दोन्ही जीपांचे मालक चहाला बसले, आणि हमालांनी हाताला आलं ते ज्याच्या-त्याच्या टेम्पोत चढवलं.

लेकीला घेऊन महाळुंग्याला गेले. विचारत विचारत घर सापडलं. जीप दारात उभी, आणि मोरीशेजारी इंजिन, त्यावर फळी टाकून हंडे मांडलेले. घरची बाई माझ्याच वयाची. डिंगोऱ्याहून आलोय, एवढं सांगितलं. मी सहज म्हणाले, "काय हो बाई, हे भंगार देता का? तुमची अडगळ जाईल."

लेकीनं मला चिमटा काढला. बाईनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "डिंगोऱ्यावरनं भंगाराला आलाय व्हय? खरं काय ते सांगा, मग चहा टाकते."

सांगितलं सगळं. ऐकून घेतलं आणि सुनेला म्हणाली, "हंडे उतरव न त्याच्यावर पोतं टाक." मग मला, "आधी तुमचं आणा. नंबर बघू. मग आमचं हलंल."

"इस्वास नाय व्हय?"

"तुमचा हाय का माझ्यावर?"

नव्हताच. शेवटी असं ठरलं, की दोघींनी आपापलं इंजिन टेम्पोत घालून, स्वतः शेजारी बसून, नारायणगावला यायचं. गॅरेज होतं तिथं आता टोमॅटोच्या क्रेटची वखार आहे, त्याच दारात. नंबर दोघींसमोर वाचायचे आणि दोन्ही इंजिनं एकाच वेळी उचलायची.

येत्या रविवारी जायचंय. जावयांना अजून सांगितलेलं नाही. आणि या खेपेला हमाल चढवतील तेव्हा मी चहाला जाणार नाही.