बुजवलेल्या बावखलावरची सभा

समस्त वसईकरांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, एक चालता-बोलता माणूस जमिनीत जाताना मी पाहिला आहे.

आमच्या गावातले एक बावखल, म्हणजे बागांना पाणी देणारे तळे, बिल्डरने बुजवले होते. आता तो दुसरेही बुजवायला निघाला होता; ते गेले असते तर समुद्राचे पाणी शिरून विहिरी खाऱ्या झाल्या असत्या, म्हणून चर्चमधली मिस्सा संपताच सगळा गाव सभेला जमला. बिल्डरच्या माणसाने मुद्दाम नव्या भरावावरच खुर्च्या मांडल्या.

"इथं कधी पाणी होतं, असं वाटतं तरी का?" तो रेलून म्हणाला.

तेवढ्यात पायांखाली काहीतरी बुडबुडले. त्याची खुर्ची सावकाश खचू लागली आणि तिच्या पायांभोवती काळे पाणी जमले. आम्ही मागे सरकलो. हा लढा चालवणारी माझी मावशी तेवढी पुढे वाकली आणि ओरडली, "उठू नको रे बाबा! पानी तुलाच भेटायला वर आलंय!"