रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत

जबड्याच्या हाडात धातू कसा रुजतो, हे शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. प्रत्येक बॅचला मी एक एक्स-रे दाखवायचे. वरच्या जबड्यात दोन पांढरे स्क्रू आणि त्यांच्याभोवती काळी कड. काळी कड म्हणजे तिथलं हाड गेलं. खाली टाइप केलेलं असायचं: पुरुष, वय अठ्ठेचाळीस, व्यवसाय शेती, अपयशाचं कारण रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत. मुलं वहीत उतरवून घ्यायची आणि मी पुढची स्लाइड लावायचे. त्यातलं पुरुष आणि वय एवढंच खरं होतं.

तो पुरुष म्हणजे आमच्या मुरुम गावचे सनईवाले मामा. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं, म्हणून मीही. शेती म्हणाल तर दीड एकर माळ होता, ज्यात कुसळं बरी यायची. धम्मदीक्षेनंतर त्यांच्या घरानं देवळापुढं वाजवणं सोडलं होतं. पण लग्न, सभा, चौदा एप्रिलची मिरवणूक मामांशिवाय व्हायची नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात त्यांनी पाठवणी दारातच अडवून धरली, कारण माझे वडील रडत नव्हते. बाप रडल्याशिवाय लेक वाटेला लावायची नसते म्हणाले, आणि असं काही वाजवलं की आमचे कडक वडील ओट्यावर बसून हुंदके द्यायला लागले. आई आमच्याशी घरी कन्नडच बोलायची, मामांनाही ते चांगलं यायचं. त्यामुळं मी वयानं एवढी लहान असून ते मला अक्का म्हणायचे.

ऐंशीनंतरच्या एका कोरड्या सालात ते आपली विहीर खोल करत होते. विहिरीतला दगड वर ओढायच्या यारीचा दांडा हातातून निसटला आणि उलटा फिरून तोंडावर बसला. वरचे पुढचे दोन दात मुळासकट गेले. सनई ओठांत धरतात, पण ओठाला मागून दातांचा टेका लागतो. तो गेला की वारा फुटतो. मामा वाजवायचे, पण वरचे सूर फाटायचे. त्यांनी सोलापुरात जाऊन काढ-घाल करायचे दात करून आणले, ते पहिल्याच फुंकीला सुटून मांडीवर पडले. तोंडावर कुणी काही बोललं नाही. लोक फक्त लग्नाला उमरग्याचा बँड सांगायला लागले.

अशी तीनेक वर्षं गेली. मी तेव्हा शहरातल्या कॉलेजात एम.डी.एस. करत होते. दातांच्या कामात टायटॅनियम वापरतात, हे आपल्याकडं नुकतंच कानावर यायला लागलं होतं. आमच्या सरांनी कुठून तरी त्याची सळई पैदा केली होती आणि एक लेथवाला त्यातून बारीक स्क्रू कातून द्यायचा. सशांच्या पायांत ते बसवून पाहिले, हाडानं धातूला धरलं होतं. सर म्हणाले, आता माणूस बघा. मला बघायची गरजच नव्हती.

मामांनी एकच विचारलं, पुन्हा वाजवता येईल का. मी लगेच येईल म्हणाले. सशांना सनई वाजवायची नव्हती, हे काही मला तेव्हा सुचलं नाही.

भाद्रपदात सरांच्या देखरेखीखाली मीच स्क्रू बसवले. चार महिने त्यावर कसलाही जोर द्यायचा नाही, असा नियम होता. मामांना मी कलमाचं उदाहरण दिलं. बांधलेलं कलम रोज हलवून बघितलं तर ते धरत नाही, तसंच हाडाचं. धातू केसभर जरी हलत राहिला तर हाड मागं सरतं. त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं कळलं. ते भाकरी दुधात कुस्करून खायला लागले आणि सनई त्यांनी फळीवर ठेवून दिली. मामी सांगायच्या, आता घरात बोटांनी मांडीवर वाजवत बसतात.

दिवाळीला मी घरी आले तेव्हा गावात एकच विषय होता. आमच्या भागातला सहकारी साखर कारखाना उभा होऊन दोन वर्षं झाली होती, पण पाऊस नसल्यानं ऊसच नव्हता. आता कुठं पहिला गळीत हंगाम सुरू व्हायचा होता. वडील सभासद होते. आपल्या मालकीचा कारखाना म्हणताना त्यांची मान ताठ व्हायची. उसाची पहिली मोळी टाकायच्या आदल्या दिवशी मामा आमच्या ओट्यावर आले. उभेच राहिले.

"अक्का, कारखान्याचं बोलावणं आलंय," ते म्हणाले. "मोळी टाकताना वाजवा म्हनत्यात. तुमी नको म्हनला तर म्या जात न्हाय."

स्क्रू बसवून तेव्हा दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. नको म्हणायला मला एक शब्द पुरला असता. पण वडील दारात उभे होते, शेजारचे दोघं ओट्यावर होते, आणि सगळे माझ्याकडं बघत होते. आपल्या पोरीनं सनई परत आणली, हे मला साऱ्या गावाकडून ऐकायचं होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशी माझी गत. मी स्क्रू चिमट्यानं हलवून बघितले, हलले नाहीत. नुसत्या मापाला बघायला बरोबर आणलेले तात्पुरते दात त्यावर चढवले आणि म्हणाले, "वाजवा मामा. पण थोडंच."

थोडंच म्हणजे किती, हे मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. तीन वर्षं आत कोंडलेलं होतं ते. उसाच्या बैलगाड्या एकामागून एक आत येत राहिल्या आणि मामा वाजवत राहिले. पाहुण्यांची भाषणं उरकली, पेढे वाटून झाले, तरी ते थांबेनात. वरचे सूर एकदाही फाटले नाहीत. माणसं वळून मामांकडं बघत, मग माझ्याकडं. कुणीतरी मला त्यांच्या शेजारी उभं करून फोटोही काढला. त्या दिवशी मला कुणी जेवायला वाढलं नसतं तरी चाललं असतं.

तिसऱ्या आठवड्यात मामा एकटेच एस.टी.नं शहरात आले, तोंडाला उपरणं धरून. हिरडीतून पू येत होता आणि दोन्ही स्क्रू बोटानं हलत होते. सरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला, काळी कड बघितली आणि विचारलं, यावर जोर कुणी दिला? सर तापट होते. माझा प्रबंध त्यांच्या सहीवर अडलेला होता. मी काही बोलायच्या आत मामाच बोलले.

"बाईंनी सांगितलं हुतं वाजवू नका म्हनून. म्याच ऐकलं न्हाय."

सरांनी त्यांना झाडलं. खेड्यातली माणसं कशी ऐकत नाहीत, एवढं महागाचं सामान कसं वाया गेलं, सगळं सुनावलं. मामा मान खाली घालून ऐकत होते. मी मिठाची गुळणी धरून तिथंच उभी होते, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. दुपारी मीच ते स्क्रू काढले. त्यांच्याबरोबर पुढचं बरंच हाड आलं. नुसते दात नव्हते तेव्हा त्यांना फाटका का होईना सूर निघायचा. आता ओठच आत बसला आणि फुंकरही धड जमेना.

प्रबंधात मी त्यांची केस लिहिली. व्यवसायाच्या रकान्यात सनईवादक लिहिलं असतं तर परीक्षकांनी पहिला प्रश्न त्यावरच विचारला असता. मी शेती लिहिलं. कारणाच्या रकान्यात मामांचं खोटं नीट इंग्रजीत उतरवलं. मला चांगले मार्क मिळाले.

पुढच्या उन्हाळ्यात धीर करून मी त्यांच्या घरी गेले. मामा आता कारखान्यात उसाच्या गाड्या लावून घ्यायच्या कामावर होते. सनई त्यांनी भाच्याला देऊन टाकली होती. मामींनी चहा दिला. मामा ओठाला बोटाचा आधार देऊन बशीतून प्यायले, तरी थोडा हनुवटीवर ओघळला. मी म्हणाले, मामा, माझ्यामुळं तुमचं नुकसान झालं, मला माफ करा. त्यांनी बशी खाली ठेवली आणि हनुवटी पुसली.

"खिळ्याचं काय न्हाय अक्का. दात तर आधीच गेलते," ते म्हणाले. "पर सायबाम्होरं तुमी एक डाव तरी न्हाय म्हनशीला, असं वाटलं हुतं."

एवढं बोलून त्यांनी वडिलांची तब्येत विचारली. मी दारातून बाहेर पडले तेव्हा ते नेहमीसारखे कोपऱ्यापर्यंत सोडायला आले.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी निवृत्त झाले तेव्हा ती स्लाइड डब्यातून काढून घरी आणली. प्रबंध मात्र अजून कॉलेजच्या लायब्ररीत आहे, आणि नवी मुलं अजून त्यातून उतारे घेतात. रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत. मामांनी सूचना पाळली होती. वाजवा, असं मीच त्यांना सांगितलं होतं.