पोर्तुगालची प्रॅक्टिस आणि वडनेरची पांदण

पोर्तुगाल या देशात मी एकही गाडी ठोकलेली नाही. जे काही झालं ते वर्धा जिल्ह्याच्या हद्दीत झालं, आणि शेणखतात झालं, म्हणून आवाजसुद्धा फारसा आला नाही.

माझं जाम गावच्या चौरस्त्यावर टायरचं दुकान आहे. राहायला आम्ही सिंदी मेघेला. रोज सकाळी गाडीनं जाम, संध्याकाळी गाडीनं घर, अशी माझी कित्येक वर्षं गेली. एवढ्या वर्षांत मी स्टेअरिंग कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. दुसरं कोणी चालवत असलं की माझा जीव वर-खाली होतो. लग्नाच्या वऱ्हाडातसुद्धा मी बसच्या ड्रायव्हरमागे उभा राहून त्याला गिअर सांगतो. (एकदा त्यानं बस थांबवून मला मागच्या सीटवर नेऊन बसवलं होतं.)

माझी बायको वंदना कृषी खात्यात आहे. शांत बाई. आमची मुलगी प्रेरणा दोन वर्षांपासून पोर्तुगालमध्ये शिकते. बाटलीला जे बूच लावतात, ते एका झाडाच्या सालीपासून होतं, आणि तशी झाडं त्या देशात जंगलंच्या जंगलं आहेत. त्या झाडांवर तिचा अभ्यास चालू आहे. माझे मेव्हणे प्रल्हादभाऊ वडनेरला शेती करतात, त्यांना हे अजून पटलेलं नाही. "बुचाचा अभ्यास कराले पोरगी इतक्या दूर पाठवली? आमच्याकडं फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या पडल्या आहेत ना पन्नास! बुचासकट!"

तर या प्रेरणानं व्हिडिओ कॉलवर सांगितलं, "आई, बाबा, या आता. मले तुम्हाले माझं जंगल दाखवायचं आहे. पण एक आधीच ठरवून ठेवा. माझ्या गावाले दिवसातून एक बस येते. रविवारी तीही नाही. जंगलात तर काहीच जात नाही. भाड्यानं गाडी घ्यायची का?"

"घ्यायची!" मी म्हणालो.

"चालवणार कोण?"

हा प्रश्न मला माझ्याच घरात विचारला गेला! खुद्द प्रेरणाला गाडी येत नाही. तिनं इथे असताना ड्रायव्हिंगचा क्लास लावला होता, एकटी कशी जाऊ म्हणून सोबत आईलाही नेलं होतं, आणि परीक्षेत आई पास झाली, पोरगी रिव्हर्समध्ये नापास. वंदना त्यानंतर मी गावात नसलो की अधूनमधून गाडी काढायची, असं मी ऐकून होतो. पण ऐकीव गोष्टींवर मी विश्वास ठेवत नाही.

"मी चालवणार. अजून कोण?"

वंदना भाजी निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "तिथं उजव्या बाजूनं चालवतात. स्टेअरिंग डावीकडं असते. जमन तुम्हाले?"

"मले? टायरवाल्याले?"

"टायर गोलच असते तिथंही. रस्त्याचं इचारून राह्यली मी."

"वंदना, टायरचा दुकानदार परदेशात जाऊन बसनं फिरला, हे जामच्या चौकात कळलं तर मी तोंड कुठं दाखवू?"

"बस नसतेच म्हणते ना पोरगी. तिची मैत्रीण आपल्या गाडीनं नेऊन आणन म्हणते. तिच्या सवडीनं जाऊ. शांततेत पाहू."

घरात दोन पक्ष पडले. वंदना म्हणे, गाडी नको. मी म्हणे, गाडीच. प्रेरणा म्हणे, तुमचं ठरलं की मला सांगा, मी झोपते. (तिथली वेळ वेगळी असते. ती नेमकी वादाच्या वेळी झोपेची होते, हे मी पाहून ठेवलं आहे.)

जमेल की नाही ते सिद्ध करायचं तर सराव हवा. म्हणून मी अंगणात उभ्या असलेल्या आमच्याच गाडीत डावीकडच्या सीटवर जाऊन बसलो. स्टेअरिंग म्हणून स्वयंपाकघरातून एक स्टीलचं ताट आणलं. ताट दोन्ही हातांत धरून मी पोर्तुगालच्या रस्त्यांवरून निघालो. उजव्या हातानं गिअर टाकायचा, तर हात बरोबर खऱ्या गिअरवर पडायचा. मला फार आनंद झाला. तोंडानं मी इंजिनाचा आवाजही काढत होतो, तेवढ्यात काचेवर टकटक झाली. शेजारच्या ढोलेकाकू. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या ताटाकडे पाहिलं, मग आमच्या दाराकडे पाहिलं आणि हळूच विचारलं,

"भाऊ, घरात जेवाले देत नाई काय वंदनाताई?"

"नाई जी काकू, मी पोर्तुगालची प्रॅक्टिस करून राह्यलो!"

"बरं बरं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांच्याकडून झाकलेल्या वाटीत पिठलं आणि दोन भाकरी आल्या. मी ते खाल्लं. (पिठलं चांगलं होतं.)

पण ताटावर कितीही गाडी चालवली तरी समोरून वाहन येत नाही, हा त्यातला दोष होता. खऱ्या रस्त्यावर उलट्या बाजूनं सराव करणं म्हणजे गुन्हा, एवढं मलाही कळतं. उपाय प्रल्हादभाऊंनी काढला. "वडनेरले या जवाईबुवा. आपल्या शेतात जाची पांदण आहे ना. कोनी येत नाई, कोनी जात नाई. मी ट्रॅक्टर घेऊन समोरून येतो. तुम्ही उजव्या हातानं घ्या, मी माह्या उजव्या हातानं घेतो. झाला पोर्तुगाल!"

रविवारी आम्ही वडनेरला गेलो. वंदना धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आंब्याखाली सतरंजी टाकून बसली. मी पांदणीच्या या टोकाला, प्रल्हादभाऊ त्या टोकाला. मी हॉर्न वाजवला, त्यांनी हात केला, आणि निघालो. पहिल्या फेरीला मी माझ्या उजवीकडून, ते त्यांच्या उजवीकडून, अगदी अलगद एकमेकांना ओलांडून गेलो. मी काच खाली करून वंदनाला ओरडलो, "पाह्यलं?"

"समोर पाहा!" ती म्हणाली.

दुसरी फेरीही झाली. तिसऱ्या फेरीला माझा आत्मविश्वास इतका वाढला, की मी गाडी जरा जोरात घेतली. प्रल्हादभाऊंचाही वाढला असावा, कारण ते ट्रॅक्टरवर गाणं म्हणत होते. गाणं म्हणता म्हणता ते पोर्तुगाल विसरले. ऐन वेळी त्यांनी ट्रॅक्टर आपल्या नेहमीच्या डाव्या बाजूला घेतला. मी उजवीकडे. म्हणजे दोघंही एकाच बाजूला, समोरासमोर!

"उजवीकडं भाऊ, उजवीकडं!" मी ओरडलो.

"कोनाच्या उजवीकडं?" ते ओरडले.

उत्तर द्यायला वेळ नव्हता. मी स्टेअरिंग मारलं आणि गाडी पांदण सोडून शेतात पेरणीआधी टाकायला म्हणून आणून ठेवलेल्या शेणखताच्या ढिगात बॉनेटपर्यंत घुसली. खूप मऊ वाटलं. वायपर आपोआप सुरू झाले (घाबरून माझाच हात लागला असणार), आणि काचेवर खत नीट, एकसारखं पसरलं.

प्रल्हादभाऊ ट्रॅक्टरवरून उतरून धावत आले. मला लागलं नाही याची खात्री झाल्यावर त्यांनी कमरेवर हात ठेवून ढिगाकडे पाहिलं. "चला, अर्धं तर पसरवून देल्लं तुम्ही. उरलेलं पसरवाले पुढच्या रविवारी येजा."

ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी काढली. वंदना एक शब्द बोलली नाही. आणि वंदना बोलत नाही तेव्हा मला खुलासे सुचतात.

"चूक माही नोहती. समोरच्यानं नियम मोडला."

"तिथं समोरचा प्रल्हाददादा नसन, एवढं खरं आहे," ती म्हणाली. मग घरी परतताना गाडीत म्हणाली, "दोन वर्षं झाली पोरीले पाहून. तिच्या जंगलात दुसऱ्याच्या घड्याळावर नजर ठेवून फिराचं मलेही जिवावरच येते. घेऊ गाडी. पण हळू चालवजा."

मी जिंकलो होतो! अंगाला शेणखताचा वास येत होता, पण जिंकलो होतो.

परदेशात चालवायचं तर इथल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. दुसऱ्याच आठवड्यात मी इस्त्रीचा शर्ट घालून, वंदनाला शेजारी बसवून ऑफिसात गेलो. रांगेत मागे-पुढे उभ्या असलेल्या सगळ्यांना कळेल अशा आवाजात मी खिडकीवर म्हणालो, "पोर्तुगालसाठी पाहिजे!"

खिडकीतल्या बाईंनी माझं लायसन्स घेतलं, पालटून पाहिलं, आणि चष्मा वर केला.

"काका, हे संपलं."

"काय संपलं?"

"लायसन्स. दोन वर्षं झाली. वर्षाच्या वर गेलं की आता नव्यानं सुरुवात. आधी लर्निंग, मग ट्रायल."

टायरची गॅरंटी कधी संपते ते मी गिऱ्हाइकाला न पाहता सांगतो. स्वतःच्या लायसन्सवरची तारीख मात्र मी काढल्या दिवसानंतर वाचली नव्हती!

"आज इथं कसे आले?" बाईंनी विचारलं.

"गाडीनं," मी सवयीनं, जरा अभिमानानंच सांगितलं.

"कोणी चालवली?"

इतका वेळ स्वतःच्या कागदांत डोकं घातलेली माणसं आता माझ्या तोंडाकडे पाहू लागली.

"मी चालवली," वंदना म्हणाली. पापणीही हलली नाही तिची. वर पर्समधून तिनं स्वतःचं लायसन्स काढलं. "हे पाहा. चालू आहे. मॅडम, फॉर्म काढलाच आहे तर माह्या नावानं भरून टाकू काय?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हसल्या. "भरा."

खिडकीतून गाड्या लावायची जागा सरळ दिसत होती. त्यामुळे परत जाताना वंदनाला खरंच चालवणं भाग होतं. मी डावीकडच्या सीटवर बसलो. या सीटची मला ताटामुळे सवय होती, पण आज हातात ताट नव्हतं. तिनं आरसा नीट केला, सीट पुढे ओढली, गाडी रिव्हर्समध्ये एका दमात काढली. घराच्या फाटकाशी मी म्हणालो, "खोटं बोलली तू सरकारी ऑफिसात."

"तुम्हाले तिथंच सोडून येऊ काय मंग?"

मे महिन्यात आम्ही पोर्तुगालला गेलो. विमानतळावरच भाड्याची गाडी घेतली. पांढरी, छोटी, आपल्याकडच्या रिक्षापेक्षा जरा मोठी. प्रेरणा घ्यायला आली होती, ती मागे बसली. वंदना डावीकडे स्टेअरिंगवर. मी उजवीकडे. जन्मभर उजवीकडे बसून गाडी चालवलेला माणूस मी, आणि आता तीच बाजू, तीच काच, पण समोर स्टेअरिंग नाही! प्रत्येक वळणाला माझा पाय ब्रेक शोधत खाली जाई.

पहिल्याच मोठ्या गोल चौकात मी मदत करायला गेलो.

"आता उजवीकडं घे. नाई नाई, डावीकडं. थांब, पाटी वाचू दे."

वंदनानं पाटी वाचायला मला तीन चकरा दिल्या. चौथ्या चकरेला प्रेरणा म्हणाली, "बाबा, तुम्ही डोळे मिटून बसा ना जरा."

तिनं रागानं म्हटलं होतं. मी रागानंच मिटले. मग एवढंच आठवतं, की काच अर्धी खाली होती, उन्हात वाळल्या गवताचा वास येत होता आणि मायलेकी हळू आवाजात आपल्या वडनेरच्या गोष्टी करत होत्या. दुसरं कोणी चालवत असताना मी आयुष्यात पहिल्यांदा झोपलो! प्रेरणानं खांद्याला हलवलं तेव्हा गाडी जंगलात उभी होती. आजूबाजूला जाड, मुरडलेली झाडं, बुंध्याची साल काढलेली, आतून विटेसारखी लाल. वंदना केव्हाच खाली उतरली होती आणि सालीवर हात फिरवत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी बोलत होती. तो त्याच्या भाषेत, ती वऱ्हाडीत. दोघांना सगळं समजत होतं.

"आई कशी चालवते बाबा?" प्रेरणानं विचारलं.

"मले काय माहीत? मी तर झोपलो होतो," मी म्हणालो, आणि मग जंगलातून फिरताना तिच्या खांद्यावर हात ठेवून चाललो. पुढचे आठही दिवस गाडी वंदनानं चालवली, रस्ता प्रेरणानं सांगितला, आणि मी इंजिन सुरू झालं की दहा मिनिटांत घोरायला लागायचो. असं सुख मी माझ्याच गाडीत इतकी वर्षं स्वतःला मिळू दिलं नव्हतं.

परत आल्यावर मी मुकाट्यानं लर्निंग लायसन्स काढलं. आता वंदनाच्या सुट्टीच्या दिवशी गाडीला पुढे-मागे लाल 'एल' लावून, शेजारी तिला बसवून मी जामला जातो. परवा दुकानात समुद्रपूरचं एक गिऱ्हाईक आलं. चार टायर पसंत करून झाले, भाव ठरला, आणि मग त्यानं विचारलं,

"भाऊ, तुम्ही परदेशात जाऊन आले म्हणतात. तिथं गाडीनं फिरले काय? कठीण जात असन नाई?"

"कठीण?" मी हसून म्हणालो. "अजिबात नाई जी! मी तर सगळा रस्ताभर झोपून होतो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. बाहेर उभ्या गाडीवरच्या लाल 'एल'कडे पाहिलं. आणि टायर तिथेच ठेवून समोरच्या दुकानात गेला.