वारंगा फाट्यावरचं तिवर

समुद्र हिंगोली जिल्ह्यापासून इतका लांब, की त्याच्याबद्दल कोणी काहीही सांगितलं तरी आमची हरकत नसते. हरकत झाडाबद्दल असते. झाडं आम्हाला माहीत आहेत.

जळबा कोकणात खाडीकाठच्या एका खाजणावर, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या दलदलीत, तिवराची रोपं लावायच्या मजुरीला गेला होता. परतल्यावर वारंगा फाट्यावर, लतीफभाईंच्या हॉटेलात बसून त्याने सरळपणे सांगितलं. तिथं झाडं खाऱ्या पाण्यात उभी असतात. मुळं चिखलातून बोटं वर काढून श्वास घेतात. भरती आली की त्या बोटांत मासळीची पिल्लं लपतात. गळलेली पानं खेकडे बिळात ओढून नेतात. आणि प्यालेलं मीठ झाड पानावाटे बाहेर टाकतं.

"पान चाटलं की खारट लागतंय," जळबा म्हणाला.

"काहून चाटलं पण?" लतीफभाईंनी विचारलं.

जळबा बशीतला चहा फुंकू लागला. तिथून त्याच्या शब्दाची किंमत उतरली. नेमकी तेव्हाच त्याच्या मुलीची, सपनाची सोयरीक जुळत होती. मुलाचे वडील प्रेमानंद आखाडा बाळापूरचे. खाऱ्या झाडाची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली आणि ते म्हणाले, "बाप असं बोलून राहिला, तर पोरीचं बारावी पास तरी खरं कशावरून?"

"आता झाडच आना," जळबाची बायको जनकाबाई म्हणाली.

कोकणात जाऊन, तिथल्या तिवराच्या नर्सरीच्या साहेबांना विचारून जळबाने एक रोप आणलं. टबात चिखल भरून ते लतीफभाईंच्या दारात ठेवलं, कारण निवाडा तिथंच व्हायचा होता. सकाळी मिठाचं पाणी ओतलं की भरती, संध्याकाळी बूच काढलं की ओहोटी. जनकाबाईचं स्वयंपाकाचं मीठ समुद्राला जाऊ लागलं. घरी वरण अळणी झालं. कोणी तक्रार केली नाही.

नवी पानं फुटली. लतीफभाईंनी एक चाटलं आणि थोडा विचार केला.

"फिकं हाय."

जळबाने चाटलं. फिकंच होतं.

दुसऱ्या दिवशी तो टबाशेजारी ठाण मांडून बसला. बस थांबली. माणसं उतरली, पाणी प्याली, ग्लासात उरलेलं टबात ओतून पळाली. कंडक्टरने ओतलं. एका म्हातारीने झाडाला "घे माय" म्हणत ओतलं. गर्दी ओसरल्यावर खुद्द लतीफभाईंनी पाण्याचा जग टबात रिकामा केला.

"लतीफभाई, हे काय करून राहिले?"

"तकलीफमधी दिसलं बिचारं. पानी घातलं."

यावर रागावणार कसं? आमच्याकडे उरलेलं पाणी रस्त्यावर फेकायला हात धजत नाही. जळबाने घरची कढीपत्त्याची कुंडी आणून टबाच्या अलीकडे ठेवली. लोकांचं पाणी तिकडे वळलं. कढीपत्ता माजला.

पुढची पानं आली, तेव्हा प्रेमानंदांना बोलावणं गेलं. आधी लतीफभाईंनी चाटलं. मग दुसरं पान चाटलं. मग तिसरं पाहुण्यांपुढे वाकवलं. प्रेमानंदांनी चष्मा काढून चाटलं.

"खारट हाय," ते म्हणाले. "साखरपुड्याची तारीख काढा."

चहा आला. जळबाला इतकं बरं वाटलं, की तो आणखी सांगू लागला. तिकडं निवटी म्हणून मासा असतो, तो पाण्यातून बाहेर येतो, चिखलावर चालतो, मुळावरही चढून बसतो.

प्रेमानंदांनी कप खाली ठेवला.

"मानलं, व्याही," ते म्हणाले. "ते काही आनू नका."